पळसावरच्या किड्याची सात नावे

१.
मुंबई–हावडा लोहमार्गावर गोंदिया मागे पडले की आमगाव, सालेकसा आणि दरेकसा ही स्थानके लागतात. त्यापुढे डोंगर, बोगदा आणि छत्तीसगडची सीमा. महाराष्ट्राच्या या ईशान्य टोकाला फाल्गुनात पळस फुलतो, तेव्हा प्रवाशांची नजर केशरी फुलांवर खिळते. एखाद्या फांदीला चिकटलेल्या खरबरीत, तांबूस-तपकिरी पुटाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ते पूट म्हणजे लाख. ती निर्माण करणारा किडा शास्त्राच्या दप्तरात ‘नवी जाती’ म्हणून कसा दाखल झाला, त्याची ही कथा.

२.
‘नव्या प्रजातीचा शोध’ असा मथळा वृत्तपत्रांत वरचेवर दिसतो. तो वाचताना एक प्रश्न विचारण्याजोगा असतो: नवी म्हणजे कोणाला नवी? जीवशास्त्रात एखादा जीव दिसणे आणि त्याचे ‘वर्णन’ होणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. पहिली हजारो वर्षे आधी घडलेली असू शकते; शोधाची तारीख मात्र दुसरीवरून ठरते. या दोहोंमधले अंतर लाखेच्या किड्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

३.
हा किडा ढेकूण, मावा, तुडतुडे यांच्याच गणातला. सोंडेने वनस्पतीचा रस शोषणे हा त्या साऱ्यांचा समान धर्म. ढेकणाने तेवढा रसाऐवजी रक्ताचा मार्ग पत्करला. लाखेचे पिल्लू मिलिमीटरहूनही लहान आणि किरमिजी रंगाचे असते. अंड्यातून निघताच ते कोवळ्या फांदीवर जागा शोधते, सालीत सोंड खुपसते आणि रस पिऊ लागते. त्याच्या अंगातून राळेसारखा स्राव पाझरतो, हवेत घट्ट होतो आणि त्याचेच घर बनतो.

४.
मादी या घरातून पुन्हा कधीच बाहेर येत नाही. तिचे पाय झडतात, पंख तिला फुटतच नाहीत, शरीर पिशवीसारखे फुगते. शेजारी शेजारी बसलेल्या हजारो माद्यांचे स्राव एकमेकांत मिसळून फांदीभोवती सलग कवच तयार होते. नर बाहेर पडतो, मीलन करतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. मादी त्या कवचाच्या आत शेकडो पिल्लांना जन्म देऊन संपते. पिल्ले नव्या फांदीच्या शोधात निघतात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

५.
या कवचाचा सर्वांत जुना वाङ्मयीन उल्लेख अथर्ववेदात मानला जातो. पाचव्या कांडातील पाचवे सूक्त ‘लाक्षा’ हिला उद्देशून आहे. जखमा भरून काढणारी औषधी म्हणून तिथे तिची स्तुती येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कोणकोणत्या वृक्षांवर आढळते त्याची यादीच सूक्तात आहे: प्लक्ष, अश्वत्थ, खदिर, धव, न्यग्रोध आणि पर्ण. पर्ण म्हणजेच आपला पळस. सूक्तकर्त्याने किड्याचे वर्णन केलेले नसेल, पण त्याचे आश्रयवृक्ष मात्र नोंदवून ठेवले. ही यादी ध्यानात ठेवावी. ती पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

६.
पुढच्या शतकांत लाख घराघरांत पोहोचली. महाभारतात पांडवांना जाळण्यासाठी वारणावतात उभारलेले लाक्षागृह सर्वांना ठाऊक आहे; लाख चटकन पेट घेते, हे त्या कथेमागचे व्यवहारज्ञान. पायांना लावायचा अळता लाखेच्याच रंगाचा. लाखेच्या बांगड्या, खेळण्यांवरचे लुकण, दागिन्यांच्या पोकळीतले भरण, पत्रावरची मोहोर या सगळ्यांत तीच. वस्तू इतकी परिचित होती की ती येते कुठून, हे विचारण्याची गरज बाजारात कोणाला भासत नव्हती. ज्यांना ते ठाऊक होते, ते बाजारापासून दूर, रानात राहत होते.

७.
परक्यांपैकी ज्यांनी हा प्रश्न मनावर घेतला, त्यांतला एक गोव्यात राहत होता. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात भारतातील औषधी द्रव्यांची चर्चा आहे, आणि त्यातील एक संवाद लाखेवर आहे. पत्रे बंद करून मोहोर उठवण्यासाठी या देशात मेणाऐवजी लाखेचा फार वापर होतो, असे तो नोंदवतो.

८.
ऑर्टाच्या माहितीप्रमाणे लाख मोठ्या, पंख असलेल्या मुंग्या तयार करतात. मधमाशा मध करतात तशी. प्राणी चुकला होता, पण दिशा अचूक होती: लाख हा झाडाचा डिंक नसून कोणा कीटकाची निर्मिती आहे. नावांच्या फसवेपणाचेही त्याने एक उदाहरण दिले. अरब व इराणी व्यापारी तिला सुमात्राची लाख म्हणत, कारण तो माल त्या बाजूने येई. प्रत्यक्षात ती पेगूकडची, म्हणजे आजच्या म्यानमारमधली. नाव मालाच्या जन्मस्थानाऐवजी व्यापाराच्या वाटेवरून पडले होते.

९.
दीडशे वर्षांनंतर भारतात आलेला फ्रेंच जेझुइट गी ताशार याने १७०९च्या सुमारास लाखेच्या कीटकजन्य उत्पत्तीविषयी युरोपात लिहून पाठवले. १७१४ साली पॅरिसमध्ये क्लोद जोझेफ जोफ्रॉय याने फांदीवरच्या लाखेचे तुकडे तपासले. आतल्या कप्प्यांची रचना पाहून ही कीटकांचीच करणी असली पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. झाड आणि जिवंत किडा त्याच्यापासून हजारो कोस दूर होते. पुरावा होता तो केवळ वाळलेल्या कवचाचा.

१०.
युरोपला या किड्याची एवढी ओढ का लागावी? उत्तर लाल रंगात आहे. त्या काळचा सर्वांत मोलाचा लाल रंग कोचिनील नावाच्या मेक्सिकोतील कीटकापासून निघे, आणि त्याचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. कोचिनीलही निवडुंगाचा रस शोषणारा, लाखेच्या किड्याचा दूरचा आप्त. स्पेनची मक्तेदारी मोडेल असा लाल रंग आपल्या ताब्यातील मुलखात मिळाला तर इंग्रजांना तो हवाच होता. लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांचे अशा वनस्पती-कीटकांवर बारीक लक्ष असे.

११.
याच बँक्स यांच्यामार्फत पाटण्याच्या जेम्स केर याचा निबंध सोसायटीपुढे आला. विषय होता लाख निर्माण करणाऱ्या कीटकाचा निसर्गेतिहास. सोसायटीच्या नियतकालिकाच्या १७८१च्या खंडात तो आहे. खंड प्रत्यक्ष प्रसिद्ध झाला १७८२ साली. म्हणून ग्रंथसूचीत एक वर्ष दिसते आणि कीटकाच्या नावापुढे दुसरे. केरने किड्याला नाव दिले ‘कॉकस लॅका’. शास्त्राच्या दृष्टीने लाखेचा किडा जन्मला तो या दिवशी.

१२.
आता केरची वृक्षयादी पाहावी. लाख कोणत्या झाडांवर मिळते, हे सांगताना तो चार नावे देतो: पिंपळ, वड, पळस आणि बोर. अथर्ववेदाच्या यादीतील अश्वत्थ, न्यग्रोध व पर्ण म्हणजे हेच पिंपळ, वड आणि पळस. चारांपैकी तीन नावे जुळतात. मधल्या काळात राज्ये बदलली, भाषा बदलल्या. किड्याची आवड बदलली नाही. पळसासाठी तर केरने ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथात आलेले ‘प्लासो’ हे देशी नावच वापरले. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, ही म्हण इथे वेगळ्याच अर्थाने खरी ठरते.

१३.
मग केरने नवे काय केले? त्याने किड्याला एका व्यवस्थेत बसवले. स्वीडनचा लिनीयस याने १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ तिच्यापासून मोजतात. तिच्यात प्रत्येक जिवाला दोन पदांचे नाव मिळाले: पहिले वंशाचे, दुसरे जातीचे. १७५८पूर्वीची कोणतीही नावे, मग ती लॅटिनमध्ये असोत वा संस्कृतात, या व्यवस्थेत गणली जात नाहीत. दोन पदांचे नाव, लिखित वर्णन आणि छापील प्रसिद्धी एवढी अट पूर्ण झाली की जीव ‘ज्ञात’ होतो. रानातील माणसाचे ज्ञान या अटीत बसत नव्हते; ते खोटे होते म्हणून नव्हे, तर छापलेले नव्हते म्हणून.

१४.
आज या किड्याचे नाव ‘केरिया लॅका (केर, १७८२)’ असे लिहितात. हा कंस अर्थपूर्ण असतो. वर्णनकर्त्याचे नाव कंसात असेल तर समजावे की त्याने ही जाती मुळात दुसऱ्या वंशात ठेवली होती आणि नंतर कोणीतरी ती हलवली. लाखेच्या किड्याच्या बाबतीत ही हलवाहलव एकदा होऊन थांबली नाही. पुढची दीडशेहून अधिक वर्षे ती चालूच राहिली.

१५.
१७९१ साली विल्यम रॉक्सबर्ग याने सामलकोटहून पाठवलेला निबंध त्याच नियतकालिकात आला. त्याने नाव योजले ‘कर्मीस लॅका’. १८१५ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ओकेन याने ‘लॅसिफर’ हा वंश मांडला. १८६०–६१ या काळात मुंबईत हेन्री जॉन कार्टर या सैनिकी शल्यवैद्याने सीताफळाच्या झाडांवरील लाखेचे किडे सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासले आणि त्यांचे जीवनचक्र सविस्तर प्रसिद्ध केले. मुंबईतल्या झाडांनी लाखेच्या शास्त्राला दिलेले हे मोठे योगदान, पण आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

१६.
कार्टरच्या सन्मानार्थ सिन्योरे याने १८७४ साली वंशाला ‘कार्टेरिया’ नाव दिले. दुर्दैवाने तेच नाव आधी एका स्पंजाला मिळालेले होते, आणि प्राणिसृष्टीत एक वंशनाम दोघांना चालत नाही. १८८४ साली इटालियन तार्जोनी-तोझेत्ती याने ‘केरिया’ मांडले. १८८६ साली ब्लांशार याने ‘कार्टेरिया’ऐवजी ताशारच्या नावावरून ‘टॅकार्डिया’ सुचवले. १९४६ साली हैदराबादचे संशोधक एस. महदीहसन यांनी ‘लक्षादिया’ हे देशी वळणाचे नाव दिले. केरचे ‘कॉकस’ धरून ही एकूण सात नावे झाली.

१७.
तंटा मिटला तो नियमांनी. अग्रक्रमाचा नियम सांगतो की वैध नावांपैकी जे आधीचे, ते टिकते. ‘कॉकस’ व ‘कर्मीस’ हे इतर कीटकांचे वंश. ‘लॅसिफर’ त्यानंतरचे, आणि विसाव्या शतकात बराच काळ तेच ग्रंथांतून रूढ होते. परंतु १९५६ साली आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाने ओकेनचा तो ग्रंथच नामकरणासाठी अग्राह्य ठरवला. ‘कार्टेरिया’ आधीच बाद होते. उरलेल्यांत ज्येष्ठ ठरले ‘केरिया’. पाटण्याच्या केरला त्याचा मान मिळाला तो असा, सुमारे पावणेदोनशे वर्षांनी आणि इतरांची नावे बाद झाल्यामुळे.

१८.
नावांचा हा खटला चालू असताना लाखेचा बाजार दोनदा उलथापालथ झाला. १८५६ साली विल्यम पर्किन याने पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढच्या दोन दशकांत लाखेच्या रंगाला गिऱ्हाईक उरले नाही. मग राळ मोलाची ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रामोफोनच्या तबकड्या चपडा लाखेच्या मिश्रणातून बनू लागल्या. बालगंधर्वांचे स्वर ज्या तबकड्यांवर घरोघर पोहोचले, त्यांच्या मुळाशी झाडाचा रस पिणारा हा किडा होता. १९४८ साली व्हिनाइलची दीर्घ वाजणारी तबकडी आली आणि तोही काळ सरत गेला.

१९.
या व्यापारात मध्य प्रांताच्या रानांचा वाटा मोठा होता. आजचा गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून गोंदिया हे चपडा लाख बनवण्याचे केंद्र म्हणून प्रसिद्ध होते. रानातून येई ती कांडी लाख. ती फांदीपासून खरवडायची, कुटायची, धुऊन रंग काढायची. मग दाणे वितळवून, गाळून, पातळ पत्रे ओढायचे. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेरा समाजाचीही नोंद आहे. किड्याभोवती जगणाऱ्या माणसांची ती एक छापील साक्ष.

२०.
१९२१ साली लिंडसे आणि हार्लो यांनी लाखेच्या धंद्यावर सरकारला अहवाल दिला. त्यानंतर रांचीजवळ नामकुम येथे २० सप्टेंबर १९२४ रोजी लाख संशोधन संस्था उभी राहिली. तिच्या पहिल्या संचालक डोरोथी नॉरिस या स्त्री होत्या, ही त्या काळी विरळ गोष्ट. आता संशोधकांना रोज लाख पिकवणाऱ्यांशी बोलावे लागले, आणि तिथे त्यांना एक वेगळेच वर्गीकरण भेटले.

२१.
पिकवणारे लाखेचे दोन प्रकार मानत: रंगीनी आणि कुसुमी. रंगीनी पळस व बोरीवर, कुसुमी मुख्यतः कुसुमच्या झाडावर. रंगीनीची वर्षातून दोन पिके, कातकी आणि बैसाखी. कुसुमीचीही दोनच, अगहनी आणि जेठवी. कार्तिक, वैशाख, मार्गशीर्ष आणि ज्येष्ठ या महिन्यांवरून पडलेली ही नावे. रंगीनीचे बीज आणि कुसुमीचे बीज यांची सरमिसळ कोणी करत नसे. शास्त्राने दोन्ही एकाच जातीचे प्रभेद मानले; परंतु संस्थेच्या प्रबंधांत कातकी आणि जेठवी हे शब्द तसेच्या तसे रुजले. पंचांग प्रयोगशाळेत शिरले.

२२.
जाती ओळखणे शास्त्रज्ञांनाही सोपे नव्हते. ज्या मादीला पाय नाहीत, पंख नाहीत, तिचे वर्णन कशावरून करायचे? राळ विरघळवून मादी बाहेर काढतात, क्षारात उकळून तिची कातडी पारदर्शक करतात, रंगवतात आणि काचपट्टीवर बसवतात. मग बाहूसारखे उंचवटे, त्यांवरच्या चकत्या, पाठीवरचा काटा, कडेच्या सूक्ष्म नळ्यांचे पुंजके मोजले जातात. आर. के. वार्ष्णेय यांनी १९७०च्या दशकात भारतातील लाखकीटकांचा असा पद्धतशीर आढावा घेतला. आज जगात लाखकीटकांच्या सुमारे १०० जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतील पंचवीसच्या आसपास भारतात आहेत.

२३.
२००० साली वाय. डी. मिश्रा आणि एस. एन. सुशील यांनी पूर्व भारतातील कुसुमच्या झाडांवरून एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले: ‘केरिया शारदा’. त्या निबंधाच्या शीर्षकातच या किड्याचे एक वैशिष्ट्य सांगितले आहे. तो वर्षातून तीन पिढ्या पुऱ्या करतो. रंगीनी दोन पिके देते, कुसुमी दोन, हा तीन. काचपट्टीवरच्या मृत मादीकडे पाहून ही गोष्ट कळणे शक्य नाही. ती कळते झाडाखाली उभे राहून, पिल्ले केव्हा बाहेर पडतात याचे महिने मोजून. लाख पिकवणारे पिढ्यान्‌पिढ्या जे मोजत आले, तेच इथे नव्या जातीची ओळख सांगणारे लक्षण ठरले.

२४.
म्हणून ‘नवी जाती’ हा शब्द वाचताना दोन्ही बाजूंना न्याय द्यावा. वर्णनाशिवाय ज्ञान एका रानातून दुसऱ्या रानात पोहोचत नाही; ऑर्टाच्या मुंग्या आणि सुमात्राची लाख यांसारखे घोटाळे त्याशिवाय निस्तरत नाहीत. तितकेच खरे हेही की सात वंशनामांत केर, कार्टर आणि ताशार यांना मान मिळाला; बीजलाख फांदीला बांधणाऱ्या एकाही हाताचे नाव त्यांत नाही.

२५.
तरीही एक शब्द या साऱ्या घडामोडींतून टिकून राहिला. केरचे कॉकस गेले, रॉक्सबर्गचे कर्मीस गेले, पण ‘लॅका’ हे जातिनाम १७८२पासून हलले नाही. हा शब्द लॅटिनने अरबी-फारसीकडून घेतला आणि अरबी-फारसीने इथल्या ‘लाख’वरून. वंश विद्वानांनी ठरवला, जातीला मात्र रानातलेच नाव राहिले. त्या नावाचा धनी सालेकशाच्या मुलखात टिकायचा असेल तर ग्रंथातली नोंद पुरेशी नाही. ज्येष्ठ-आषाढात पिल्ले बाहेर पडतील तेव्हा जवळच पळसाची कोवळी फांदी हवी, आणि तिला वेळेवर बीजलाख बांधणारा माणूस हवा.